टोचून पाहिलं होतं

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोड्या ठाऊक आहेत, ही एक सोडून. आईला एकदा सांगणार होतो, तेवढ्यात तिनेच शेजारणीपाशी माझं कौतुक सुरू केलं आणि राहून गेलं. आज पहिल्यांदाच बोलतोय, तेही तुमच्याशी, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. पण लगेच मुद्द्यावर येईन असं समजू नका. मी मुळात कडेकडेने जाणारा माणूस — सगळा घोळ तिथेच आहे.

मला उंचीची भीती वाटते. इथून सुरुवात करावी लागेल. हसलात ना? हसा. दोन मजल्यांच्या गच्चीवर कठड्याजवळ गेलो तरी माझ्या तळपायाला घाम येतो. आणि असल्या माणसाने नोकरी कुठे धरावी? मी मूळचा काष्टीचा. आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंटचा कोर्स केला आणि श्रीरामपूरजवळ एका पशुखाद्याच्या कारखान्यात लागलो. तिथे मका साठवायचे सायलो आहेत — पत्र्याच्या गोल, प्रचंड कोठ्या, सहामजली इमारतीएवढ्या उंच. आत मका किती उरला हे बघायचं तर बाहेरच्या लोखंडी शिडीने छतावर जायचं, झाकण उघडायचं आणि टेपला वजन बांधून खाली सोडायचं. हे काम माझ्या वाट्याला आलं. मी चढायचो. नजर पत्र्याला चिकटवून, तोंडात देवाचं नाव घेत. खाली आलो की कुणाला काही कळू नये म्हणून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसायचो.

म्हणूनच मी रडारच्या मागे लागलो. छतावर एक यंत्र बसवायचं, तोंड खाली. ते लहरी सोडतं, त्या मक्यावर आपटून परत येतात आणि तेवढ्यावरून मका किती खोल आहे ते कळतं. धान्याला स्पर्शसुद्धा नाही. आकडा खाली कंट्रोल रूममध्ये पडद्यावर. मी मॅनेजरसाहेबांना माहितीपत्रकं दाखवली, अचूकपणावर भाषणं दिली, धूळ कितीही उडाली तरी यंत्राला दिसतं हे पटवलं. रडार बसला तेव्हा सगळे म्हणाले, दिलीप पुढचा विचार करतो. पुढचा कसला? मी खालचा विचार करत होतो. लोक उंटावरून शेळ्या हाकतात; मला उंटावर न चढताच हाकायच्या होत्या.

याकोबभाऊने तेव्हा मला लई चिडवलं. याकोबभाऊ म्हणजे आमच्या सायलोवरचा जुना माणूस, श्रीरामपूरचाच, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. कोठीत मक्याचे गठ्ठे झाले की आत उतरून ते फोडायचं काम त्याचं. रविवारी चर्चमध्ये गाणी म्हणायचा आणि सोमवारी तीच कोठीच्या तोंडाशी, कारण आतून आवाज छान घुमतो म्हणे. "दिलीपराव, तुमच्या त्या डोळ्याला मक्याच्या पोटातलं कळतं का?" असं विचारायचा. मी म्हणायचो, पोटातलं नाही, फक्त डोक्यावरचं. तो हसायचा, मी हसायचो.

पण ते खरंच होतं. रडार वरचा थर बघतो. खाली काय चाललंय ते त्याला कळत नाही. मका ओलसर असला की वर त्याची घट्ट पापडी धरते. खालून मका काढत गेलं की तो मधूनच विहिरीसारखा उतरतो आणि पापडी मात्र वर छतासारखी तशीच राहते. आकडा हलत नाही. एवढ्या रुंद कोठीत झाकणातून डोकावलं तरी नजरेला सगळं भरलेलंच दिसतं. म्हणून आमच्याकडे एक पद्धत होती — आधी सळई, मग पाय. झाकणाशी बाहेर बसून लांब सळईने मका टोचायचा. सळई अडली तर भरीव, पापडी फोडून सर्रकन गेली तर खाली पोकळी. टोचल्याशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. आणि एकाने टोचून सांगितलं की दुसरा पुन्हा टोचत नसे. तो अविश्वास झाला असता. आमच्यात ते वाईट दिसायचं.

त्या वर्षी मका ओला आला होता. सकाळपासून खालून मका काढत होतो आणि पडद्यावरचा आकडा जिथल्या तिथे. सुपरवायझर म्हणाले, दिलीप, वर जाऊन टोचून बघ, पापडी धरलीय की तुझा रडार झोपलाय?

मी सळई घेऊन निघालो. कोठीच्या मागच्या बाजूने शिडी धरली. पहिल्या टप्प्यावर, जिथे उभं राहायला जाळी आहे, तिथवर गेलो. वारा होता. वर बघितलं आणि पाचावर धारण बसली. रडार आल्यापासून मी चढलोच नव्हतो, होती ती सवयही गेली होती. मी जाळीवर बसलो. खाली कुणाला दिसत नव्हतो. लांबवर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, त्या बघत बसलो. वर जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा जाऊ दिला. मग सुपरवायझरना फोन लावला.

म्हणालो — टोचून पाहिलं. भरीव आहे. रडारच अडकलाय, कंपनीला कळवतो.

आलं तोंडातून बाहेर. इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला सांगतो, बोलताना आवाज जरासुद्धा कापला नाही. मला वाटलं होतं मी भित्रा आहे. खोटं बोलण्यात मी चांगला धीट निघालो.

थोड्या वेळाने खालून मका यायचा थांबला. वर भरीव असेल तर अर्थ एकच — खालच्या तोंडाशी गठ्ठा अडकलाय. अशा वेळी माणूस मक्यावर उभा राहून मधोमध बांबू खुपसतो. याकोबभाऊ निघाला. मी खालून मका ओढणाऱ्या मोटारीच्या पॅनलपाशी उभा होतो, तो माझ्यासमोरून गेला. तेव्हा बोलता आलं असतं की नाही? "थांब, एकदा पुन्हा टोचून घे." एवढंच वाक्य. वर गेलो नव्हतो हे सांगायचीही गरज नव्हती. पण मग तो विचारेल, का हो, मघाशी नीट टोचलं नाही का? या एका प्रश्नाच्या धास्तीने मी गप्प बसलो. मनाला म्हटलं, असेल भरीव. बऱ्याचदा असतोच.

त्याने दोरी बांधली नव्हती. आमच्यात कुणीच बांधत नसे. मका सुटतोय का ते कळावं म्हणून खालची मोटारही चालूच होती. छतावर जो दुसरा माणूस होता त्याची किंकाळी आली आणि मी बटण दाबलं. मोटार थांबली. हे मात्र खरं आहे, बटण मी दाबलं. चालू राहिली असती तर मक्याने त्याला आत ओढून घेतलं असतं. नंतर सगळ्यांनी तेवढंच लक्षात ठेवलं.

मग मी शिडी चढलो. होय, चढलो. कसा चढलो ते आठवत नाही. झाकणाशी पालथा पडलो आणि बॅटरी मारली. पापडीला मोठं भगदाड, आणि खूप खाली, मक्याच्या त्या विहिरीत याकोबभाऊ काखेपर्यंत गाडलेला. हात वर. कडेचा मका ओंजळ-ओंजळ घसरून त्याच्या छातीवर येत होता. आम्ही दोर सोडला, त्याने धरला, पण ओढून माणूस निघत नाही तिथे. मका पकडून ठेवतो. खाली लोकांनी पत्रा कापायला घेतला, म्हणजे मका बाहेर वाहून जाईल. मला सगळे ओरडून सांगत होते, दिलीप, त्याच्याशी बोलत राहा, त्याला झोपू देऊ नको.

मी बोलत राहिलो. काहीबाही. मार्थावहिनी, म्हणजे त्याची बायको, निघाल्यात, पत्रा कापत आला, श्वास बारीक घे. आणि मग त्याने विचारलं. चिडून नाही हो. हिशेब लागत नाही म्हणून माणूस विचारतो तसं विचारलं.

"दिलीपराव, तुमी टोचलं हुतं ना?"

हेच ते. एवढ्यासाठीच मी इतका वेळ तुम्हाला फिरवत होतो. फोनवरचं खोटं मी भीतीपोटी बोललो, ते एक वेळ बाजूला ठेवू. पण इथे? वर मी पोचलोच होतो, पडायची भीती उरली नव्हती, समोर माणूस गळ्याशी येत चाललेल्या मक्यात उभा होता, आणि त्याला एकच गोष्ट माझ्याकडून हवी होती.

मी म्हणालो, "होय, टोचलं होतं."

तो म्हणाला, "मंग माजाच पाय कडंला पडला आसंल. माजंच चुकलं." मी बॅटरी सावरून धरली. "तुमी जाऊ नका," म्हणाला. मी गेलो नाही. त्याला बाहेर काढेपर्यंत तिथेच पालथा पडून होतो. लोक म्हणाले, काय जीव आहे दिलीपचा त्याच्यावर.

तो वाचला. एक पाय कायमचा गेल्यात जमा, आणि छाती अशी झाली की चार पावलांत धाप लागते. गाणं संपलं. चौकशीला साहेब लोक आले तेव्हा त्याने दवाखान्याच्या खाटेवरून स्वतःच सांगितलं, दिलीपरावांनी टोचून पाह्यलं हुतं, दोरी मीच बांधली न्हाई. कामगाराचा हलगर्जीपणा, असा निकाल लागला आणि त्याला घरी बसवलं. मला शाल, श्रीफळ आणि पुढच्या वर्षी सुरक्षा सुपरवायझरची जागा. आता मेव्हण्याच्या पंक्चरच्या दुकानात तो खुर्ची टाकून बसतो. जाता-येता हात करतो.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचंस ना. कधी? अपघाताच्या तारखेला दर वर्षी ते घरचे सगळे चर्चमध्ये उपकारस्तुती करतात, देवाचे आभार मानतात, पाळकसाहेब माझं नाव घेतात, आणि मी तिथे बाकावर बसलेला असतो. नाताळात मार्थावहिनी करंज्यांचा डबा घेऊन येतात, माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, तुज्या बापानं माजं कुंकू राखलं. माझी बायको डोळे पुसते. आता सांग दिलीप, कोणत्या करंजीनंतर सांगणार होतास? ती माणसं जितकी माया करतात तितका मी आत रुततो. मला त्यांची माया नको असते, खरं सांगायचं तर कधी कधी त्यांचा रागही येतो. तोंड वाकडं केलंत तरी चालेल. मला याकोबभाऊचा राग येतो, की हा माणूस एकदा तरी माझ्यावर संशय का घेत नाही.

कारण शोधायचं म्हटलं तर सापडेल. भीती कुणाला नसते, दोरी कुणीच बांधत नव्हतं, लेक लहान होती. ती सगळी मी वापरून बघितली. एकही पुरत नाही.

आमच्याकडे आता सुरक्षा दिन होतो. भाषणाला कोण? याकोबभाऊ. आणि त्याला आणायला जातो कोण? मी, माझ्या मोटारसायकलवर. परवाच झाला. नवीन भरती झालेली पोरं-पोरी शेडमध्ये सतरंजीवर बसली होती. त्याला जास्त वेळ उभं राहवत नाही, म्हणून मी शेजारी उभा होतो. नेहमीसारखाच बोलला, थांबत, धाप टाकत. माज्यासारखा येडेपना करू नका, दोरी बांधल्याबिगर उतरू नका.

पहिल्या रांगेत कंट्रोल रूममध्ये नवी लागलेली एक मुलगी होती. तिने हात वर केला. विचारलं, काका, पण तुम्ही उतरायच्या आधी वर जाऊन कुणी बघितलं नव्हतं का?

मी याकोबभाऊकडे बघितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला.

"ह्यांनी बघितलं हुतं की," तो म्हणाला. "टोचून बघितलं हुतं. ह्यांचं बराबर हुतं. माजाच पाय चुकला."

टाळ्या पडल्या. मुलीनेही वाजवल्या, माझ्याकडे बघून. तो खुर्चीत बसला आणि त्याने माईक माझ्या हातात दिला. माईक चालू होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "चहा आलाय, सगळ्यांनी घ्या."