किरणांना न दिसलेला धागा
ओल्या हळदीचा वास आला की मला वाशीमच्या दवाखान्यातली एक्स-रेची खोली आठवते. मी तिथं नवा होतो आणि मशीनपेक्षा माझाच तोरा जास्त! एकदा इंझोरीचा एक माळी बायकोला गाडीत घालून घेऊन आला. विहिरीवर पडून तिचं मनगट सुजलं होतं, त्यावर हळदीचा लेप. हाड कुठे मोडलंय हे दिसल्याशिवाय डॉक्टर हात बसवणार नव्हते आणि ती चांदीची पाटली काढायला तयार नव्हती. “नवरा समोर उभा हाय, अन् मी हात मोकळा करू?” मी छाती फुगवून म्हणालो, “राहू द्या, बाई! विजेचा दाब वाढवला की इलेक्ट्रॉन जोरात आपटतात, किरणांची तरंगलांबी आखूड होते आणि ते पाटलीच्याही आरपार जातात.” फिल्म निघाली. किरण मांसातून गेले, हाडातूनही गेले, अडले ते फक्त पाटलीपाशी! माळी म्हणाला, “साहेब, हाड कुठी गेलं? निरी पाटलीच दिसून राह्यली!” मग त्यानंच पागोट्याचा दोरा ओढून काढला, लेपात बुडवून, हात मोकळा राहू नये म्हणून बायकोच्या मनगटाला बांधला आणि हलकेच पाटली उतरवली. मी मुकाट्यानं दाब कमी केला. लांब तरंगांनी हाडाची चीर स्वच्छ दाखवली, पण फिल्म पाहून तिचे डोळे भरले. “माहा धागा कुठी हाय?” मी लेपात बोट बुडवलं आणि फिल्मवरच्या मनगटावर पिवळी रेघ ओढली. “हे काय?” डॉक्टर ओरडले. मी म्हणालो, “साहेब, किरणांना दिसलं नाही ते.” आजवर हजारो फिल्मा काढल्या, पण हातानं पुरी केलेली तेवढी एकच.