चिकाचं गाणं

आमच्या पांढुर्ण्याच्या गल्लीत घरांमधली भिंत छातीएवढी आहे. लोक मला भोचक म्हणतात, पण मी कुठं जात नाही. गोष्टीच भिंतीवरून माझ्या अंगणात येऊन पडतात. तीस वर्षांत इतक्या पडल्या की आता झाडून काढायच्या म्हटलं तरी निघत नाहीत.

परवा नागपूरला शिकणारी माझी भाची म्हणाली, "मावशी, आमच्या कॉलेजात मोठा वाद चालू आहे. जुनं इंग्रजी रॉक भारी, की आताचं म्युझिक?"

मी म्हटलं, "तुम्ही करत बसा वाद. आमच्या गल्लीत निकाल कधीचाच लागला."

मी दहावी पास. इंग्रजीत पस्तीस मार्क, तेही सरांच्या दयेनं. तरी सांगते.

*

शेजारचे गजाननभाऊ वीज खात्यात लाइनमन होते, आता रिटायर आहेत. त्यांच्या घरी एक इंजिनीअर साहेब भाड्यानं राहायचे. बदली झाली तेव्हा ते संत्र्याची एक पेटी ठेवून गेले. पेटीत संत्री नव्हती, कॅसेटा होत्या. सगळ्या इंग्रजी, साहेबांनी कुठून कुठून भरून आणलेल्या.

भाऊंनी पहिली कॅसेट लावली आणि अख्खी गल्ली दारात आली. गाणारा असा ओरडत होता, जसा खांबावर करंट लागला.

भाऊंची बायको शांता, माझी मैत्रीण. कणकेच्या हातानं बाहेर आली. "अवो, कोणाले मारून राहिले काय ते?"

"मारून नाही राहिले वं. गाऊन राहिले."

"मग त्याहिले पाणी तरी द्या."

*

नावं आम्हाला वाचता येत नव्हती, म्हणून आम्हीच ठेवली. एक होतं 'कुकरवालं', कारण त्याच्या सुरुवातीला नुसती वाफ सुटल्यासारखा आवाज. एक 'भांडकुदळ', त्यात दोन माणसं एकमेकांना बोलूच द्यायची नाहीत. आणि सगळ्यात लांब, पुरं नऊ मिनिटांचं, ते 'चिकाचं गाणं'.

उन्हाळ्यात आम्ही बाया मिळून कुरडया करतो. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढायचा, उकळत्या पाण्यात ओतायचा आणि हात न थांबवता ढवळायचा. कमी ढवळला तर कच्चा, जास्त झाला तर दगड. माझ्या सासूबाई नुसत्या वासावरून ओळखायच्या. आम्हाला काही ते नाक मिळालं नाही.

पण एका वर्षी शांताच्या लक्षात आलं. गाण्याच्या सुरुवातीला गिटार हळूहळू वाजते, तेव्हा चीक ओतायचा. ड्रम आला की दोन्ही हातांनी घोटायचा. आणि शेवटी तो माणूस किंचाळला की झाकण ठेवून आच बंद. चीक असा काचेसारखा निघाला की चुलीजवळच सगळ्यांनी तेल-मीठ टाकून अर्धा खाऊन टाकला.

तेव्हापासून त्या गाण्यावर आमच्या गल्लीची कुरडई कधी बिघडली नाही. आता कोणी मला म्हणतं, "काकू, शब्द समजत नाहीत तर ऐकता काहून?" मी विचारते, कुकरच्या शिटीचे शब्द समजतात का तुला?

*

एकदा बोरगावला बहिणीकडे कुरडया होत्या. तिथं ना टेप, ना कॅसेट. बहीण म्हणाली, "ताई, तूच ढवळ, तुझ्या हातचं चांगलं होते."

मग काय करणार? मी गाणं तोंडानं वाजवलं. पुरं नऊ मिनिटं. गिटार, ड्रम, सगळं. शेवटी ओरडायचं होतं ते ओरडलेही.

भाऊजी शेतातून धावत आले. बहिणीला म्हणाले, "हिले केव्हापासून येते अंगात?"

चीक मात्र काचेसारखा. आजही बोरगावात विचारा.

*

त्याच गाण्यात एक भानगड आहे. ती अशी झाली.

एकदा शांताला कुकरची शिटी ऐकू येत नव्हती. ती टेप बंद करायला गेली आणि घाईत रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबून आली. आवाज थांबला, पण चाकं फिरतच होती. गाणं थांबलेलं पाहून मी सवयीनं भिंतीवरून विचारलं. मग तिनं भाऊंना हाक मारली. भाऊ ओट्यावर दाढी करत बसले होते. शेवटी शांतानंच बटणं दाबून बंद केलं, तोवर हे सगळं कॅसेटमध्ये भरलं गेलं.

तेव्हापासून गाण्यात ड्रम यायच्या आधी एकदम शांत होतं. मग मी विचारते, "काय झालं वं शांते?"

शांता म्हणते, "अवो, याचे चाकं फिरूनच राहिले. बंद करा ना ते."

आणि भाऊ म्हणतात, "नाही करत."

मग ड्रम. आम्ही दोन्ही हातांनी घोटायला घेतो.

*

शांता जाऊन अकरा वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी भाऊंच्या घरी सून आली, सौंसरची प्रियंका. बीएड झालेली, चुणचुणीत, तोंडानं फटकळ. मला लगेच आवडली.

लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी ती माझ्या फाटकात उभी. "काकू, गाण्याचा त्रास होत असला तर मला सांगत जा. मी बाबांना सांगते. असं ओरडत नका जाऊ."

"मी कुठं ओरडली?"

"आता नाही का म्हटलं, बंद करा ना ते?"

"ते मी नाही वं," मी म्हटलं. "ते तर तुझी सासू होय."

पोरगी मागं वळली. उघड्या दारातून हार घातलेला शांताचा फोटो दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं तिची आई सौंसरहून हजर. हातात लिंबू-मिरची. भाऊंनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि कॅसेट लावली. प्रियंकाच्या आईनं पुरं ऐकून घेतलं. शेवटी कप खाली ठेवून म्हणाल्या, "विहीणबाई बरोबरच तर म्हणून राहिल्या होत्या. बंद करा ते."

*

दोन काठ पडल्याशिवाय आमच्या गावाला करमत नाही. नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे सावरगाव, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, या काठावरून त्या काठावर दगड. तसंच भाऊंच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सुरू व्हायचं. अलीकडे सासरा, पलीकडे सून.

"बाबा, तुमची गाणी सुरू व्हायलाच दोन मिनिटं लागतात. आमचं तोवर संपतेही."

"ते तर मी म्हणून राहिलो. सुरूच कुठं होते तुमचं?"

"आवाज पहा किती क्लीन आहे."

"क्लीन दवाखाना असते, बेटा. गाण्यात माणूस पाहिजे. तुमच्यात आहे का कोणी, का मशीनच?"

प्रियंका मास्तरीण. मुद्दा सोडत नाही. म्हणाली, "अन् तुमच्या गाण्यांत बाई कुठाय? सगळे बाप्येच बाप्ये, केसं वाढवलेले."

भाऊ चपलेत पाय घालत म्हणाले, "आहे ना एक."

*

गेल्या वर्षी प्रियंकानं समोरच्या खोलीत ट्यूशन सुरू केली आणि टेप माळ्यावर गेला. भाऊंनीच शिडी लावून चढवला. मी बोलले, पण माझं कोण ऐकते?

कुरडयांच्या दिवशी मी विचारलं, "आता गाणं?"

"मी लावते ना. माझी गाणी तीन-तीन मिनिटांची. तीन लावली की तुमचं एक. सोपं गणित आहे, काकू."

पहिल्या गाण्यात चीक ओतला. दुसऱ्याच्या आधी कोणीतरी माणूस मराठीत बोलायला लागला. आम्ही सगळ्या हात थांबवून ऐकत बसलो. तो मंजन विकत होता. तेवढ्यात चीक बुडाला लागला. आणि तिसरं गाणं कधी संपलं ते कळलंच नाही, कारण चौथं अगदी तसंच होतं.

वाळल्यावर कुरडईला हात लावला की भुगा. भाऊंनी चिमटीत घेऊन पाहिलं. "छान झाली, सुनबाई. रांगोळी."

"यात गाण्याचा दोष नाही," प्रियंका म्हणाली. "जाहिरातीचा आहे."

मी म्हटलं, "ज्या गाण्याले मधात थांबून मंजन विका लागते, ते चुलीजवळ आणाचं नाही."

दुसऱ्या दिवशी टेप माळ्यावरून खाली आला. तिनंच काढला, पुसलाही.

*

या वर्षी होळीनंतर टेपनं ती कॅसेट खाल्ली.

भाऊंनी पेन घालून गुंडाळून पाहिली. हातभर पट्टी चुरगळून तुटली होती, नेमकी शांता बोलते तीच. सेलोटेप लावून जोडली, पण त्या जागी नुसती खरखर. घरात शांताचा दुसरा आवाज नाही. ती होती तेव्हा गल्लीत व्हिडिओवाले फोन दोनच होते, आणि कोणी समोर धरला की ती पदर तोंडाला लावून गप्प बसायची.

महिनाभर त्या घरातून फक्त टीव्हीच्या बातम्या ऐकू आल्या. भिंतीपाशी उभं राहून मला कंटाळा आला.

मग कुरडया निघाल्या. या खेपेला प्रियंकाच्या अंगणात. भाऊ नको नको म्हणत होते, तरी तिनं त्यांची खुर्ची चुलीपासून चार हातांवर मांडली. फोन ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, सापडलं. चिकाचं. पुरं नऊ मिनिटं, जाहिरात नाही."

गिटार सुरू झाली. आवाज खरंच क्लीन होता, खोटं कशाला बोलू. मी चीक ओतला, प्रियंकानं घोटणं धरलं. भाऊ डोळे मिटून बसले होते.

ती जागा आली. गाणं थांबलंच नाही. सरळ ड्रमकडे निघालं.

भाऊंनी डोळे उघडले आणि खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागले.

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "काय झालं वं शांते?"

प्रियंकाचा हात थांबला नाही. घामानं केस कपाळाला चिकटले होते. पातेल्यातून मान वर न करता ती म्हणाली, "अवो, याचे चाकं फिरूनच राहिले. बंद करा ना ते."

भाऊ परत खुर्चीत बसले.

"नाही करत," म्हणाले.