लाल फडक्यातली तलवार

२०२३ साली मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो आणि माझे खापरपणजोबा सरदार होते.

पुरावा? आमच्या वसईजवळच्या भुईगावच्या घरात देव्हाऱ्याखाली, लाल फडक्यात गुंडाळलेली त्यांची तलवार! दसऱ्याला तिला वरूनच हळदकुंकू लावायचं, गाठ सोडायची नाही, ही घरची रीत. (मी चौथी नापास. पण सरदाराच्या वंशजाला चौथी कशाला लागते?)

त्या दसऱ्याला नात तेजू अमेरिकेहून नवऱ्याला घेऊन आली. लुई त्याचं नाव. त्याचे पूर्वज कॅनडातले फ्रेंच, पोटासाठी अमेरिकेच्या कापड गिरणीत आलेले. आता घरात कुणालाच फ्रेंच येत नाही म्हणे!

"मग फ्रेंच कसले रे तुम्ही?" मी विचारलं.

तेजूने त्याचं उत्तर सांगितलं, "म्हणतो, भाषा गेली, म्हाताऱ्यांच्या गोष्टी राहिल्या. तेवढ्यावर आम्ही फ्रेंच!" म्हणून हा जाईल तिथे म्हाताऱ्यांना मोबाइलपुढे बसवून गोष्टी रेकॉर्ड करतो.

मला पोरगा पटला. मी थेट वसईच्या लढाईपासून सुरुवात केली. खापरपणजोबा दोन घोडे बदलून किल्ल्यावर चढले!

"नाना, गेल्या वर्षी घोडा एकच होता!" कुंपणापलीकडून शेजारचा पास्कू ओरडला.

लुईने तलवार बघायला मागितली.

"अहो, गाठ सोडू नका," बायको घाईने म्हणाली.

"सरदाराचं रक्त आहे, घाबरतो की काय!" मी गाठ सोडली. एक फडकं, दुसरं, तिसरं...

आत कोयता! केळीचे घड उतरवायचा, मूठ झिजलेला कोयता!

"सरदार केळी कापायला आलेले काय?" पास्कू कुंपण ओलांडूनच आला.

"सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्षीच सांगितलेलं," बायको म्हणाली. "पण तुमची छाती एवढी फुगायची, म्हटलं फुगू दे."

तीन फडकी होती, पण तोंड लपवायला एकही पुरेना. लुई मात्र हसून हसून डोळे पुसत होता.

"आजोबा," तेजू म्हणाली, "याचेही खापरपणजोबा फ्रान्सच्या राजाचे नातलग होते! कागद काढले तर लाकूडतोडे निघाले. आता त्यांची कुऱ्हाड घरात मानाने टांगलीय."

लुईने कोयता कपाळाला लावला, मोबाइल पुढे धरला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "आजोबा, परत सांगा."

मग मी आमच्या केळीच्या वाडीची गोष्ट सांगितली. बापाच्या मागे घड वाहताना खांद्याला पडलेला घट्टाही दाखवला. पास्कूनेसुद्धा 'खरंय' म्हणून मान डोलावली. (हे पहिल्यांदाच!)

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयत्याला धार लावून मी वाडीत एक घड उतरवला. पास्कू कुंपणावर हजरच.

"काय नाना, तलवार म्यान केली?"

"गप रे! लढाईत फौजेला केळी कोणी पुरवली, वाटतं तुला?"