लंडनच्या नावाची शाल

माझ्या धाकट्या भावाला, दिलीपला, मी आमच्या मराठी मंडळाच्या हॉलच्या पायऱ्यांवर उभी राहून गाढव म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले. फरीदाबादच्या एका कारखान्यात तो मॅनेजर आहे, साठीला टेकलाय, आणि त्याची बायको नि मुलगी शेजारीच उभ्या होत्या. म्हणाले तर म्हणाले. ज्यांना वाईट वाटलं त्यांनी आधी मयुराची हकिकत ऐकावी आणि मग माझ्याशी भांडायला यावं. मी करोल बागेत राहते, घर कुणीही दाखवील.

मयुरा ही दिलीपची एकुलती एक मुलगी. जन्मली इथे दिल्लीत, वाढली इथे. मराठी बोलते, पण कोथिंबिरीला धनिया म्हणते, आणि राग आला की मराठी सोडून सरळ हिंदीत घुसते. राग तर तिच्या नाकाच्या शेंड्यावर. "ही अगदी अरुणावन्संवर गेलीय," असं तिची आई मीनाक्षी माझ्याकडे बघून म्हणते, आणि त्यात कौतुक मुळीच नसतं.

पोरगी लहानपणापासून अशीच. दुसरी-तिसरीत असताना तिने गणिताच्या पुस्तकाची शेवटची पानं फाडून टाकली होती. शेवटची पानं म्हणजे उत्तरांची. शाळेतून बोलावणं आलं. दिलीपने तिला दोन धपाटे घातले. मी विचारलं, "का गं फाडलीस?" तर मुसमुसत म्हणाली, "आत्या, वो पहले से बता देते हैं." मला हसू आलं आणि दिलीप आणखी चिडला. त्याला आजपर्यंत कळलेलं नाही की त्या दिवशी त्याला आपली मुलगी समजायची संधी होती.

पुढे ती संख्याशास्त्र शिकली, गुरुग्रामला एका कंपनीत लागली आणि मुनिरकात खोली घेऊन राहायला लागली. खोली कसली, खुराडं! खिडकी उघडली की समोरच्याच्या स्वयंपाकघरातली फोडणी आपल्या डोळ्यांत. पण कुठे चाललीस, कधी येणार, असं कुणी विचारत नाही हेच तिला पुरे होतं. तिची कंपनी विमा कंपन्यांना जोखमीचे आकडे काढून देते. पूर आला, भूकंप झाला, तर किती भरपाई द्यावी लागेल, असलं काहीतरी. रविवारी मेट्रोने माझ्याकडे यायची, जेवायची आणि मला समजावत बसायची. "रोजचं नुकसान कोणीही मोजेल यार, आत्या. जे क्वचित होतं, आणि झालं की सगळं वाहून नेतं, ते मोजायचं गणित मला शिकायचंय." मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. पुराचं मला कळतं, गणिताचं नाही. पण हे सांगताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मला कळायचं.

तर तिने पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केले. क्वांटिटेटिव्ह फायनान्स म्हणतात त्याला, बाजारातल्या आणि विम्यातल्या जोखमीचं गणित. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक लंडनचं, एका वर्षाचं, नाव मोठं. दुसरं नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन नावाच्या शहरातलं, दोन वर्षांचं, आणि इथे कुणाला ते शहर नकाशावर दाखवता येणार नाही. मला येतं, पण मला विचारतो कोण!

आता निवडायचं कसं? दिलीप रँकिंग बघत बसला. मयुराने काय केलं, तर दोन्हीकडच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून पहिल्या सहामाहीचे गृहपाठ मागवले आणि स्वतः सोडवायला बसली. लंडनचे तिने एका दुपारी माझ्या डायनिंग टेबलावर उरकले, मधे दोनदा चहा केला. "हे मला येतंय, आत्या," ती चिडून म्हणाली. "येतंय ते शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं?"

ग्रोनिंगनच्या गृहपाठातले पहिले दोन प्रश्न तिने घाम गाळून सोडवले. तिसऱ्यावर अडकली. पुढच्या रविवारी आली तरी अडकलेलीच. डोळ्यांखाली काळं, केस विंचरलेले नाहीत, आणि चेहरा बघावा तर लग्न ठरल्यासारखा. "नहीं हो रहा, आत्या!" असं म्हणून ती चक्क हसली. मी तिला गरम गरम थालीपीठ वाढलं, तर त्याच्यावरही बोटाने काहीतरी गिरवत बसली. त्या दिवशीच मी ओळखलं की ही कुठे जाणार. उत्तरांची पानं फाडणारी पोरगी आणखी कुठे जाणार होती?

दिलीपला तिने हे सगळं सांगितलं. मी तिथेच होते. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जो प्रश्न सुटत नाही तो बघून कॉलेज निवडतात? वेड लागलंय का? नाव चालतं बेटा, नाव. बाकी सब बकवास."

खरं सांगायचं तर त्याचं हे नावाचं वेड कुठून आलं ते मला ठाऊक आहे. तो नगरकडच्या एका साध्या कॉलेजातून शिकून इथे आला. कारखान्यात दर वेळी नवा साहेब येतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "आप कौन से कॉलेज से?" दिलीप नाव सांगतो. साहेब "अच्छा" म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. हे त्याने इतकी वर्षं गिळलंय. मला त्याची कीव येते. पण आपलं दुखणं पोरीच्या गळ्यात बांधायचा हक्क त्याला कुणी दिला? तिला कर्ज काढायचं होतं, आणि बँकेला सोबत बापाची सही हवी होती. माझ्या पेन्शनवर बँकवाले हसले. दिलीप म्हणाला, "सही करीन तर लंडनसाठी." दोन्हीकडे मेच्या मध्यापर्यंत होकार कळवायचा होता. मार्चपासून ती घरी गेली की ह्यावरून जुंपायची. मीनाक्षी दोघांच्या मधे पोळ्या लाटत राहायची आणि कुणालाच काही बोलायची नाही. तिचाही मला राग आहे, पण तो वेगळा विषय.

आणि अशात एक मे आला. महाराष्ट्र दिनाला आमच्या मंडळात गुणवंतांचा सत्कार असतो. शाल, श्रीफळ, एक स्मृतिचिन्ह, आणि मग श्रीखंड-पुरीचं जेवण. मंडळाचे चिटणीस विश्वासराव, त्यांचा दिलीपला फोन आला की मयुराचं नाव घेतोय, कुठे प्रवेश मिळाला ते सांगा. आणि ह्या माणसाने खुशाल सांगून टाकलं, लंडन! मुलीला विचारलं नाही, बायकोला सांगितलं नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अभिनंदनाचे हार पडायला लागले तेव्हा मयुराला कळलं. तिने मला ऑफिसातून फोन केला. "आत्या, ये क्या किया उन्होंने? आता मी नाही म्हटलं की म्हणणार, लोकांसमोर नाक कापलंस." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो तेच म्हणणार होता. त्यासाठीच त्याने ते केलं होतं.

मी म्हटलं, "तू ये सत्काराला. साडी नेस आणि ये."

हॉल गच्च भरला होता. पंखे गरम हवा ढवळत होते. विश्वासरावांनी माईकवर सूर लावला, "आपल्या मंडळाची लेक मयुरा, उच्च शिक्षणासाठी चालली आहे थेट लंडनला!" टाळ्या. दिलीप पहिल्या रांगेत मान ताठ करून बसलेला. पाहुण्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मला वाटलं, आता ही खाली उतरेल आणि संपलं सगळं. तर हिने नारळ काखेत धरला आणि विश्वासरावांच्या हातातून माईक घेतला.

"थँक्यू," ती म्हणाली. "पण थोडी चूक झालीय. मी लंडनला जात नाहीये. मला ग्रोनिंगनला जायचंय. नेदरलँड्समध्ये आहे. तिथला एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही, म्हणून." आणि ती खाली उतरली.

दिलीपचे कान लालबुंद. आणि विश्वासरावांनी माईक सावरून काय म्हणावं? "असो असो, परदेश तो परदेश! जोरदार टाळ्या! आणि मंडळी, पुऱ्या गरम आहेत, तेव्हा रांगेत यावं." पुन्हा टाळ्या पडल्या, खुर्च्या सरकल्या, आणि अख्खा हॉल ताटांकडे धावला. माझ्या शेजारच्या बाईंनी मयुराला जवळ घेऊन एवढंच विचारलं, "तिकडे गव्हाचं पीठ मिळतं ना गं?"

दिलीप जेवला नाही. पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. आम्ही बाहेर आलो तसा मयुरावर घसरला. "खूश? सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस. ह्या लोकांत मी आता तोंड कसं दाखवू? सहीचं तर नावच काढू नकोस." मयुरा शाल घडी करत होती. मुलगी रागाने हिंदीतसुद्धा शिरली नाही, तेव्हा मला भीती वाटली.

तेवढ्यात विश्वासराव बाहेर आले. हातात घरी न्यायचा श्रीखंडाचा डबा, तोंडात विडा. मी त्यांना हाक मारली. "अहो विश्वासराव, एक सांगा बरं. आमची मयुरा कुठे चालली शिकायला?"

"म्हणजे काय, वहिनी?" ते हसत म्हणाले. मला ते कायम वहिनी म्हणतात, कुणाची ते देव जाणे. "अमेरिकेला ना! मीच तर अनाउन्स केलं आत्ता." आणि डबा सांभाळत गाडीकडे गेले.

तेव्हा मी दिलीपला गाढव म्हणाले. "ऐकलंस, गाढवा? ह्यांच्यासाठी! ह्यांना तोंड दाखवायचंय तुला! ह्यांच्या लक्षात ना लंडन राहिलं, ना तू राहिलास. ह्यांच्या लक्षात श्रीखंड राहिलं! आणि ह्यांच्यासाठी तू पोरीची दोन वर्षं विकायला निघालास!" आणखीही बरंच बोलले. येणारे-जाणारे थांबून बघत होते. मीनाक्षीने मला थांबवायला माझा हात धरला नाही, हे मी त्या दिवशी नोंदवून ठेवलं.

दिलीप गाडीत जाऊन बसला. आम्हीही बसलो. मला करोल बागेत सोडायचं होतं. अर्ध्या वाटेवर, आरशात न बघता तो म्हणाला, "बँकेत सोमवारी जाऊ."

मयुराने शालीची घडी मोडून पुन्हा घातली.

"फॉर्मवर लिहावं लागेल," तो म्हणाला. "त्या गावाचं नाव काय म्हणालीस?"

सिग्नलला गाडी थांबली होती. मयुराने मांडीवरची शाल बाजूला ठेवली. स्टेजवर ती रडली नव्हती, पायऱ्यांवर रडली नव्हती, आता रडायला लागली. "मार्चपासून भांडताय माझ्याशी, बाबा," ती म्हणाली. "नाव आज विचारताय?"

सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्नवर हॉर्न वाजायला लागले, तरी त्याने गाडी पुढे घेतली नाही.