सांगितलेल्या जागी

त्या दिवशी मुंबईत माझ्या वहिनी हरवल्या नव्हत्या. मी त्यांना विसरून आलो होतो. एवढी दोन वाक्यं तोंडातून काढायला मला पाच महिने लागले, आणि तेवढ्यात पंचवटीतल्या त्यांच्या घराला कुलूप लागायची वेळ आली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला असते. वहिनी पंचवटीत दोन खोल्यांत एकट्या राहतात. सकाळी भाजीबाजारात जायचं, गवारीची शेंग मोडून बघायची, भाजीवालीशी थोडं भांडायचं, परत येताना शेजारणीच्या ओट्यावर टेकायचं, असा त्यांचा दिवस. भाऊ गेल्यावर मुलीनं पुण्याला चल म्हणून फार आग्रह केला होता. तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, माझी किल्ली माझ्या कमरेला असू दे, बाकी मला काही नको. तो विषय तिथंच मिटला होता. तो पुन्हा उघडला माझ्यामुळे.

आमच्या कॉलनीची दरवर्षी एक दिवसाची सहल निघते आणि ती मी काढतो. बस ठरवणं, जागा नेमून देणं, नाश्त्याची पाकिटं, सगळं माझ्याकडे. त्याचा मला थोडा गर्वही होता. यंदा मुंबई दर्शन ठरलं. माझ्या बायकोला ऐनवेळी माहेरी जावं लागलं, तिची जागा रिकामी राहिली, म्हणून मी वहिनींना चला म्हटलं. दिंडोरीकडच्या खेड्यात जन्मलेली आणि नाशकात आयुष्य काढलेली ही बाई. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. आदल्या दिवशी त्यांनी फोन करून मला विचारलं, तो जवळून बघायला मिळतो का लांबूनच दाखवतात.

सहलीत माणसं मोजायची माझी एक पद्धत होती. डोकी मोजत बसलं की वेळ जातो, कुणी जागा बदलतं, आकडा चुकतो. म्हणून मी जोड्या लावतो. शेजारी शेजारी बसलेले दोघं एकमेकांचे जोडीदार. बस निघायच्या आधी मी दारात उभा राहून "जोडीदार?" असं ओरडतो आणि सगळे "आहे!" म्हणतात. ज्याच्या शेजारची जागा रिकामी, तो गप्प राहत नाही. इतकी वर्षं एकदाही चूक झाली नव्हती. पण या पद्धतीत एक भोक होतं. विचारणारा मी, त्यामुळे माझा जोडीदार आहे का हे मला कुणीच विचारत नसे. दरवर्षी पहिल्या सीटवर बायको बसलेली असायची आणि मी दारात जास्त वेळ रेंगाळलो की माझा शर्ट ओढायची. या वर्षी त्या सीटवर वहिनी होत्या.

पहाटे निघालो. कसारा घाटात इतकं धुकं होतं की ड्रायव्हरनं गाणी बंद केली. वहिनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, घाट उतरल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. उजाडलं, पण ऊन पडलं नाही; सगळं आभाळ राखेसारखं.

मुंबईत शिरताना गाईड चढला. बारीक चणीचा माणूस, हातात माइक, आवाज रोज तेच बोलून घासलेला. इमारती दाखवायच्या आधी त्यानं नियम सांगितले. "दिलेल्या टायमाला बसमध्ये. बस कुणासाठी थांबणार नाही. मागच्या आठवड्यात एक काका मागे राहिले, त्यांचे घरचे अजून शोधतायत."

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "खरंच राहिले का वो ते?"

मी म्हटलं, गंमत करतोय तो. मग मीही पुढारीपण दाखवलं. मुंबईत पाकिटं मारतात, तुमचा फोन आणि पर्स माझ्याकडे द्या, असं म्हणून दोन्ही माझ्या सॅकमध्ये टाकलं. त्यांनी मुकाट्यानं दिलं. मुलीचा नंबरसुद्धा त्यांना पाठ नव्हता, तो त्या फोनमध्येच होता.

गेटवेला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. भरतीची वेळ असावी. पाणी पायऱ्यांवर आपटत होतं, बोटी एकमेकींना घासत होत्या, आणि समुद्राचा रंग आभाळाचाच होता. वहिनी कठड्याशी उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं खूश होतील. त्या एवढंच म्हणाल्या की आपल्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, पलीकडचा काठ असतो, याला काठच नाही. आणि दोन पावलं मागं सरकल्या.

बोटीतून अर्ध्या तासाची फेरी होती. हलणारी बोट बघून वहिनींनी नको म्हटलं. मी त्यांना कठड्यापासून थोडं आत, एका झाडाच्या बुंध्याशी बसवलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून माझी टोपी त्यांच्या हातात दिली. आणि म्हणालो, "इथंच बसा. काही झालं तरी हलू नका. मी घ्यायला येतो."

हे शब्द मला अक्षरशः आठवतात. नंतरच्या पाच महिन्यांत ते आठवत नसल्याचं सोंग मी केलं.

बोट परत आली ती दुसऱ्याच पायऱ्यांना लागली. एकीला मळमळत होतं, तिला सावरत आम्ही वर आलो. गाईड शिट्टी वाजवत होता, बस मागच्या गल्लीत आलीय, पोलीस उभी करू देत नाहीत, पळा. आम्ही पळालो. बसच्या दारात उभा राहून मी ओरडलो, "जोडीदार?" सगळ्यांनी "आहे!" म्हटलं. मी ड्रायव्हरला हात केला.

मरिन ड्राइव्ह झाला. टेकडीवरची बाग झाली. तिथं पुन्हा जोड्या, पुन्हा आहे. गेटवे सोडल्यापासून मी दारातच, फूटबोर्डावर ड्रायव्हरशी बोलत बसलो होतो. माझ्या पाठीमागची सीट मी वळून पाहिली नाही. बागेतून निघाल्यावर माझ्या सॅकमध्ये फोन वाजायला लागला. वहिनींचा फोन. पुतणी बोलत होती.

"काका, आई कुठंय? समुद्र पाहिला का तिनं?"

"अगं, ही काय इथंच बसलीय," मी म्हणालो. "डोळा लागलाय तिचा."

बोलता बोलता मी वळलो. सीटवर वहिनींची शाल होती. वहिनी नव्हत्या.

इथपर्यंत विसरणं होतं. पुढचं मी जाणूनबुजून केलं. मी बस थांबवली नाही. आत चाळीस माणसं होती, आणि त्यांच्यासमोर मला "मी माणूस विसरलो" असं म्हणवेना. कदाचित मागं कुणाशेजारी जाऊन बसल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. चिक्कीची पाकिटं काढली आणि वाटायच्या निमित्तानं एकेक सीट बघत शेवटपर्यंत गेलो. लोक म्हणत होते, एकच का, दोन द्या. मी हसून देत होतो. पुढचा थांबा येईपर्यंत वीसेक मिनिटं गेली, तेवढा वेळ मी गप्प होतो. मग उतरून गाईडला बाजूला घेतलं. त्यानं माइक खाली केला. "साहेब, गिनती तुमचीच होती ना?" एवढंच तो म्हणाला. गंमत करणारा आवाज नव्हता तो.

मी टॅक्सीनं एकटा परत गेलो. रस्त्यात प्रत्येक सिग्नलला मला पाणीच दिसत होतं, पायऱ्यांवर आपटणारं.

वहिनी त्या झाडाच्या बुंध्याशी होत्या. तसूभर हलल्या नव्हत्या. पाय पोटाशी घेतलेले, माझी टोपी दोन्ही हातांत चुरगळलेली. नजर पाण्यावर. मी हाक मारली तरी वळल्या नाहीत. समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी माझ्या पायांपासून वरपर्यंत पाहिलं.

"मला वाटलं समदे बुडाले," त्या म्हणाल्या.

दोन तास त्या समजत होत्या की आमची बोट आलीच नाही. येणाऱ्या प्रत्येक बोटीत त्यांनी आमची तोंडं शोधली होती. शेजारच्या फुगेवाल्याला विचारलं, बोट बुडाली का, तर तो हसला. एका पोलिसानं उठा म्हटलं तरी त्या उठल्या नाहीत. टॅक्सीत त्यांनी मला कारण सांगितलं. लहानपणी त्या द्राक्षबागेत कामाला जायच्या. मुकादम सांगायचा त्या झाडाखाली उभं राहायचं. संध्याकाळी मजुरांची गाडी तिथंच यायची. जी मुलगी पाणी प्यायला म्हणून हलायची ती रानात राहायची. म्हणून त्या हलल्या नाहीत. आणि दुसरं म्हणजे, सगळेच बुडाले असतील तर नाशकात कळवणारं एक तरी माणूस जागेवर पाहिजे.

मी ऐकून घेतलं. माफी मागायची ती वेळ होती. मी बाहेर बघत राहिलो.

बसमध्ये चढलो तेव्हा सगळे वैतागलेले होते. शेवटची दोन ठिकाणं रद्द झाली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "काय वहिनी, एकट्याच मुंबई बघायला निघाला होता का?" हशा पिकला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन याची वाट पाहिली असावी. मी म्हणालो, "जाऊ द्या हो, वय झालं, माणूस गोंधळतो." मग पुतणीला फोन लावून सांगितलं की आई जरा इकडे तिकडे गेली होती, पण सापडली.

सापडली. या एका शब्दानं सगळं केलं.

पुढच्याच आठवड्यात पुतणी पुण्याहून आली. आईला डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर होतो. आज वार कोणता, उलटे आकडे म्हणा, असं डॉक्टरांनी विचारलं. घाबरलेल्या वहिनी वार चुकल्या. पुतणीनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि मीही हलवली. मग गॅसपाशी एकटं जाऊ नका, बाजारात शेजारीण सोबत असल्याशिवाय जाऊ नका, असं एकेक सुरू झालं. भाजीवाली आता त्यांच्याऐवजी शेजारणीशी बोलायची. शेवटी ठरलं की घर बंद करून त्यांना पुण्याला न्यायचं.

वहिनींनी एकदाही माझं नाव घेतलं नाही. मला वाटायचं, दिराची लाज राखतायत. पण जायच्या चार दिवस आधी मी त्यांच्याकडे गेलो असताना त्यांनी आतल्या खोलीत बोलावलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "भाऊजी, तुम्ही मला तिथंच बसाय सांगितलं व्हतं ना? का मीच कुठं उठून गेले व्हते? मला आता नीट सांगता येत नाय."

मी म्हणालो, "आता कशाला तो विषय, वहिनी."

घरी आलो. जेवण गेलं नाही. बायकोनं काय झालं विचारलं, तिलाही सांगितलं नाही. भावाला मी विसरभोळा म्हणून खूप चिडवायचो, ते आठवत राहिलं. माझ्या चुकीपेक्षा मोठी गोष्ट मी केली होती. एका शहाण्या बाईच्या हातून तिची स्वतःची आठवण काढून घेतली होती.

जायच्या दिवशी सकाळी दाराशी टेम्पो उभा होता. गाद्या बांधून झाल्या होत्या. शेजारणी ओट्यावर जमल्या होत्या, सहलीतलं एक जोडपंही आलं होतं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, अगदी त्या झाडाशी बसल्या होत्या तशा. किल्ली पुतणीच्या हातात होती. ती म्हणाली, काका, तेवढं कुलूप लावता का.

मी किल्ली घेतली नाही. दारातच उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. जोड्यांचं सांगितलं, टोपीचं सांगितलं, चिक्की वाटली तेही सांगितलं. फोनवर तिला खोटं बोललो हे पुतणीच्या तोंडाकडे बघून सांगितलं. सहलीतला तो गृहस्थ चपला घालून निघून गेला.

पुतणीनं किल्लीचा हात मागे घेतला. मग म्हणाली, "आणि डॉक्टरांकडे तुम्ही शेजारी बसला होतात, काका." ती वळली आणि किल्ली आईच्या मांडीवर ठेवली. टेम्पोवाल्याला तिनं थांबायला सांगितलं.

वहिनींनी किल्ली उचलली नाही. आधी मला विचारलं, "म्हंजी मी तिथंच व्हते?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"तिथंच होता, वहिनी. जिथं बसवलं तिथंच होता. मी आलो नाही, आणि मग तुम्हालाच खोटं पाडलं. माझं चुकलं. मला माफ करा."