समोरच्या घरातली चावी

वैशाख पौर्णिमेला आमच्याकडे खीर होते आणि आई मजल्यावरच्या घरांत वाट्या पाठवते. दिंडोशीच्या या इमारतीत राहायला आलो त्या पहिल्याच वर्षी समोरच्या काकूंकडची वाटी दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली. घासून लख्ख, आणि रिकामी. शेजारची वाटी रिकामी परत करू नये, हे मालवणहून आलेल्या बाईला ठाऊक नसेल होय? लोक निदान चिमूटभर साखर तरी टाकतात. मला तेव्हाच शंका आली, आणि एकदा शंका आली की ती मला स्वस्थ बसू देत नाही.

आदल्या संध्याकाळचं दृश्य मग डोळ्यांसमोर आलं. खाली वॉचमन स्टीलच्या डब्यातून काहीतरी चाटूनपुसून खात होता. आमचीच शेवयांची खीर, वर चारोळी. डबा काकूंचा होता, त्या रोज त्यातूनच त्याला चपात्या देतात. म्हणजे आमच्या हातचं यांना चालत नव्हतं. हे मी लहानपणापासून ओळखते. पाणी पुढे केलं की "आत्ताच पिऊन आलो" म्हणणारे पाहुणे मी पुष्कळ पाहिलेत. आता तोंडावर कुणी काही बोलत नाही, एवढाच काय तो फरक.

मी तावातावाने आईला सांगितलं. आई शेवग्याच्या शेंगा मोडत होती. "वॉचमनचं पोट भरलं ना?" एवढंच म्हणाली. मला तिचाच राग आला. पुढच्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला तिने पुन्हा वाटी पाठवली, ती पुन्हा रिकामी आली. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र वाटीतून नारळाच्या वड्या आल्या. मी वडी हुंगून पाहिली. आता हे काय नवीन नाटक? आईने सरळ तोंडात टाकली.

या उन्हाळ्यात आईला चक्कर यायला लागली. मी दिवसभर अंधेरीला ऑफिसात, ती घरात एकटी. नागपूरहून भाऊ फोनवर फोन करत होता, "तिला इकडे पाठव." आईला जायचं नव्हतं. रविवारचं बुद्धविहार, तिथल्या तिच्या बायका, गॅलरीतली तुळस, हे सगळं सोडून ती तिकडे काय करणार होती? शेवटी भावाने अट घातली. मजल्यावर कुणाकडे तरी चावी असेल, कुणी दुपारी डोकावणार असेल, तरच आई मुंबईत राहील. बाकीच्या घरांना दिवसभर कुलूप. उरल्या फक्त काकू.

"जिला आपली खीर चालत नाही, तिच्या हातात आपलं घर द्यायचं? मुळीच नाही," मी म्हणाले. मी तिची बॅग काढून कपड्यांची इस्त्री सुरू केली.

त्याच आठवड्यात एकदा मी दुपारीच घरी आले. दारात काकूंच्या चपला. लॅच उघडून आत गेले तर काकू आईच्या पलंगावर बसून तिला चमच्याने पेज भरवत होत्या. माझी नजर आधी कपाटाकडे गेली, मग आईकडे. टीपॉयवर आमच्या दाराची चावी पडली होती.

"ही तुमच्याकडे कशी?"

"तुझ्या आवशीन दिल्यान," काकू शांतपणे म्हणाल्या. "तिका सकाळधरना चक्कर येताहा. तुका फोन करू नको म्हणाली."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. "काकू, आमची खीर तुम्ही वॉचमनला दिली होती ना?"

मला वाटलं, आता सारवासारव होईल. काकूंनी वाडगा खाली ठेवला.

"हय, दिलंय. खाऊक मनच होईना. टाकूक पाप वाटला, म्हणान तेका दिलंय. वाटी परत दिलंय तेव्हाच तुझ्या आवशीक सांगलंय."

काकू चावी घेऊन आपल्या घरी गेल्यावर मी आईवर उखडले. "तुला माहीत होतं? आणि राग नाही आला?"

"आला की. दोन दिवस धड जेवले नाही." आई उशीला टेकून बसली. "पण ती माझ्यासमोर उभी राहून खरं बोलली गं. पंचशीलातलं चौथं शील मी रोज म्हणते, खोटं बोलणार नाही म्हणून. तिने ते पाळून दाखवलं. गोडगोड बोलली असती तर चावी दिली नसती मी."

"आणि आता? आता खाते का खीर?"

"मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस."

विचारलं नाही, पण माझं समाधान होईना. संध्याकाळी मी समोरची बेल वाजवली. "चावी ठेवता कुठे तुम्ही? हरवायची उगाच." काकूंनी मला आत बोलावलं. त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. त्या सरळ देव्हाऱ्यापाशी गेल्या. गणपतीच्या तसबिरीखाली एक खिळा होता, त्याला आमची चावी लटकत होती, आईच्या निळ्या दोऱ्यासकट.

"हयसून कोण हलवचो नाय," त्या म्हणाल्या.

घरी येऊन बॅगेतले आईचे कपडे परत कपाटात लावले आणि भावाला फोन केला, आई कुठेही जाणार नाही म्हणून.