क्रॉसिंग

वीर स्टेशनवर उतरलो की महाडला जायला मी एका ठरावीक रिक्षावाल्यालाच शोधतो. वाटेत तो फारसं बोलत नाही. आम्ही काही हौशी मंडळी दरवर्षी महाडच्या एका शाळेत छोट्या रेल्वेगाड्यांचं प्रदर्शन भरवतो, तेव्हा स्वतः प्लायवूडवर उभारलेलं छोटं वीर स्टेशन तो रिक्षातूनच घेऊन येतो.

त्याच्या फळीवर वीर आणि पुढच्या स्टेशनामध्ये एकच रूळ आहे, त्यामुळे समोरून एक्स्प्रेस येईपर्यंत त्याची पॅसेंजर बाजूला उभी राहते. मुलं कंटाळतात. "काका, चालवा ना!" तो घड्याळावरची नजर काढत नाही. "क्रॉसिंग हाय." एक्स्प्रेस मात्र तो कुणासाठी थांबवत नाही.

यंदा मी माझ्या भावाने पत्र्यातून घडवलेलं इंजिन नेलं होतं. भाऊ गेल्यापासून ते पेटीतच होतं. मंडळींनी ते भावाच्या फोटोपुढे ठेवून इंजिनालाच हार घातला. मला ते एकदा चालताना बघायचं होतं, पण तसं बोलवेना.

रिक्षावाल्याने येऊन हार बाजूला केला आणि मला म्हणाला, "मास्तर, हे नुसतं मांडून ठेवायचं नाय."

त्याने ते आपल्या रुळावर ठेवलं. इंजिन अडखळत निघालं. तेवढ्यात एक्स्प्रेसची वेळ झाली. त्याने ती स्टेशनातच रोखून धरली.

"काय रे, आज एक्स्प्रेस थांबवलीस?" कुणीतरी चिडवलं.

"क्रॉसिंग हाय," तो म्हणाला, आणि इंजिन दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.